आपण इथले कधी झालो?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअरवाली, पण आज चित्रांबद्दल बोलणार आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच सूर आहे : ‘डोंबिवली आपली राहिली नाही, बाहेरच्यांनी भरली.’ त्यावर मला जे उत्तर सुचलं, ते एका ठाणेकर डॉक्टरांच्या चित्रांमुळे.

सुधीर पटवर्धन. जन्म पुण्याचा, १९४९चा. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. एकीकडे एक्स-रे आणि दुसरीकडे कॅनव्हास. आज देशातल्या मोठ्या चित्रकारांत त्यांची गणना होते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं.

त्यांनी रंगवलं काय? लोकलमधली माणसं, ठाण्याचं पोखरण, लोअर परळ, उल्हासनगर. आपण ज्याच्यासमोरून रोज डबा घेऊन धावलो आणि ज्याचं चित्र होऊ शकतं असं कधी मनातही आलं नाही, तेच. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते, तेव्हाचं त्यांचं ‘लोअर परळ’ आहे, २००१चं. एकाच चित्रात ते अनेक बाजूंनी पाहतात. आणि त्यांच्या चित्रातला कामावरून परतणारा माणूस इथला की बाहेरचा, हे काही कळत नाही. तो तिथे आहे, एवढंच कळतं.

उल्हासनगरचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवलं. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथला पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ म्हणतात. तिसऱ्या पिढीचं पक्कं घर झालं, तरी पत्त्यातला कॅम्प काही सुटला नाही.

आणि आपण? आपले आईवडील कोकणातून, घाटावरून, गिरगाव-दादरच्या खोल्यांतून इथे आले, कारण जागा परवडत होती. ज्या आगरी कुटुंबांच्या भातशेतांवर आपल्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या लेखी बाहेरचे आपणच होतो. आज आपल्यातले निम्मे पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत आहेत. तिथेही कुणाच्या तरी ग्रुपवर आपल्याबद्दल असंच काही लिहिलं जात असेल.

मला गाव बदलल्याचं दुःख नाही, असं नाही. पुनर्विकासात बिल्डिंग गेली की जिन्याचा कठडाही जातो, गॅलरीही जाते. पण हे दुःख आणि नव्याने आलेल्यांवरचा राग, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

मूळच्या अलीगढच्या झरीना हाश्मी फाळणीनंतर कुटुंबापासून लांब, देशोदेशी राहिल्या. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही त्यांची १९९९ची ३६ काष्ठठशांची मालिका आहे. घर, उंबरठा, दार असा एकेक उर्दू शब्द आणि त्यासोबत साध्या काळ्या रेषा. एवढ्यात त्यांनी गेलेलं घर राखलं.

रेषा आपल्यालाही मारता येतात. म्हणून एक सुचवते. प्रत्येकाने आपल्या लहानपणच्या घराचा नकाशा आठवणीतून काढावा. मोरी कुठे, देवघर कुठे, अभ्यासाला कुठला कोपरा, सगळं. प्रमाण चुकलं तरी चालेल.

आणि शाळेत आज आठवीत असलेल्या मुलांनाही हेच सांगूया. त्यातली काही घरं उत्तर प्रदेशातली असतील, बिहारमधली असतील, मराठवाड्यातली असतील. मग त्यांचे आणि आपले नकाशे शाळेच्या सभागृहात एकाच भिंतीवर लावूया. सर परवानगी देतील, अशी आशा आहे.

कागद आणि पेन्सिली मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाआधी सुरुवात करा.