सतरंज्या कोण उचलणार?



छावणीचे पदाधिकारी नेमले. हार झाले, फोटो झाले. आता सांगा, सभा उठल्यावर सतरंज्या कोण उचलणार? अध्यक्ष, की दुपारभर भिंती रंगवणारा पोरगा?

सत्यशोधक समाज १८७३ सालचा. जोतीराव गेल्यावर तो सावित्रीबाईंनी सांभाळला. १८९३ च्या सासवड परिषदेच्या अध्यक्ष त्याच. पुढं पुण्यात प्लेग आला. यशवंतानं हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला. बाई सहासष्टीच्या. हुकूम सोडून घरी बसल्या असत्या तर कोण बोललं असतं? पण मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोरगं त्यांनी स्वतःच्या पाठीवर आणलं. १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं गेल्या. अध्यक्षाची पाठ ही अशी. आपली खुर्चीला टेकलेली!

हसू नका, मीही त्यातलाच. मागच्या पावसाळ्यात एक म्हातारी रेशनकार्डासाठी आली. मी लेटरहेडवर चिठ्ठी खरडून दिली, सोबत गेलो नाही. मीटिंग होती म्हणे. साहेबानं तिला दारातूनच हाकललं. नंतर ती छावणीकडं फिरकलीच नाही. लेटरहेडवर माझं नाव मात्र ठळक होतं.

उद्या सकाळी मी तिच्या घरी जातोय. नवे सरचिटणीस, तुम्ही चला बरोबर. आणि आत्ता, सतरंजीचं ते टोक धरा.