बुरखा आणि बहुरूपी

सुगी उरकली, भात घरांत आलें, म्हणजे आंदर मावळांतल्या खेड्यांतून पूर्वीं बहुरूपी फिरत असे. टाकव्यापासून वर कुसुराच्या घाटापर्यंत आंद्रेच्या खोऱ्यांतलीं माणसें त्याची वाट पाहात. कधीं तो फौजदार होऊन येई, कधीं वसुलीचा कारकून होऊन चावडीपुढें उभा राही. क्षणभर नवख्या माणसाची गाळण उडे. मग सोंग उघडें होई, हंशा पिके, आणि शेरभर भात त्याच्या झोळींत पडे. बहुरूप्याच्या सोंगाला एक नियम असतो. तें शेवटीं उतरावयाचें असतें, आणि ज्यांच्यापुढें घेतलें त्यांच्यादेखत उतरावयाचें असतें.

वेषांतराचा दुसराहि एक प्रकार जगांत आहे. त्यांत माणूस तोंड झांकून घेतो तो दुसऱ्यास धाक बसावा, आणि आपणांकडे मात्र कोणीं बोट दाखवूं नये म्हणून. अमेरिकेंतील कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा पांढरा बुरखा हा या दुसऱ्या प्रकारांतला. त्या बुरखेवाल्यांत शिरून त्यांचीं कृत्यें जगापुढें मांडणारे जे थोडे धाडसी लोक निघाले, त्यांची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

महाराष्ट्राला हा विषय अगदींच परका नाहीं. पुण्यास जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. त्या देशांतील गुलामगिरी कायद्यानें संपली ती १८६५ च्या डिसेंबरांत. त्याच सुमारास टेनेसी संस्थानांतील पुलास्की या गांवीं, यादवी युद्धांत हरलेल्या दक्षिणेकडील सैन्याच्या सहा माजी अधिकाऱ्यांनीं ही क्लॅन मंडळी स्थापन केली. प्रारंभीं तिचें स्वरूप थट्टामस्करीचें होतें. परंतु लवकरच तिचे स्वार रात्रीं बुरखे घालून हिंडूं लागले. मत देण्यास निघालेला कृष्णवर्णीय मनुष्य, त्याच्या मुलांस शिकविणारा शिक्षक, त्याची बाजू घेणारा गोरा शेजारी, हे त्यांचे बळी होत. १८७१ सालीं अध्यक्ष ग्रँट यांच्या कारकीर्दींत खास कायदा होऊन ही पहिली क्लॅन मोडली गेली. पुढें १९१५ सालीं जॉर्जियांतील स्टोन मौंटन या डोंगरावर तिचें पुनरुज्जीवन झालें, आणि १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत तिच्या सभासदांची संख्या लाखांच्या घरांत गेली. प्रत्येक नव्या सभासदाकडून दहा डॉलर प्रवेशवर्गणी घेत आणि त्यांतले चार डॉलर सभासद मिळवून आणणारा दलाल आपल्या खिशांत टाकी. द्वेष हा त्यांचा धर्म होता हें खरें. पण तो त्यांचा किफायतशीर धंदाहि होता.

बुरख्याची खरी शक्ति कशांत होती, तें नीट समजून घेतलें पाहिजे. खेड्यांत माणूस चेहऱ्यावांचूनहि ओळखतां येतो. आषाढांतल्या दाट धुक्यांत बांधावरून कोण चाललें आहे, हें मावळांतला शेतकरी नुसत्या चालीवरून सांगतो. दक्षिण अमेरिकन संस्थानांतल्या लहान गांवांतहि असेंच होतें. रात्रीं दारांत आलेला बुरखेवाला हा सकाळीं मीठ-पीठ विकणारा दुकानदार आहे, हें पुष्कळदां घरच्यांस कळत असे. पण ओळखणें निराळें आणि न्यायासनापुढें उभें राहून नांव घेणें निराळें. बुरखा डोळ्यांपासून फारसें कांहीं लपवीत नसे. तो जिभेला कुलूप घालीत असे. जमावानें एखाद्यास फांसावर लटकावलें किंवा जिवंत जाळलें, तरी चौकशीअंतीं ‘अज्ञात इसमांच्या हातून मृत्यु’ असा निकाल लिहिला जाई. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर दि ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेनें १९१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, १८८९ ते १९१८ या तीस वर्षांत जमावांनीं ठार केलेल्या ३,२२४ माणसांची गणना आहे. त्यांतील २,५२२ कृष्णवर्णीय होते. इतके खून, आणि मारेकरी मात्र अज्ञात!

हें कुलूप उघडण्यास निघालेला एक विलक्षण पुरुष म्हणजे वॉल्टर व्हाइट. त्याचा जन्म १८९३ सालीं अटलांटा शहरीं झाला. कुळानें तो कृष्णवर्णीय. परंतु त्याची कांति गोरी, केस पिंगट आणि डोळे निळे. १९०६ सालीं अटलांटांत दंगल उसळली तेव्हां तेरा वर्षांच्या या मुलानें जमाव आपल्या घरावर चालून येतांना पाहिला होता. गोऱ्यांत मिसळून सुखानें आयुष्य काढणें त्याला शक्य होतें. तें सोडून १९१८ सालीं तो वर सांगितलेल्या संस्थेचा नोकर झाला, आणि आपल्या गोऱ्या कांतीचा उपयोग त्यानें भलत्याच कामीं केला. जेथें जमावानें माणूस मारला असेल तेथें तो प्रवासी म्हणून किंवा बातमीदार म्हणून जाई, दुकानाच्या पायरीवर बसे, आणि गप्पा काढी. मारेकऱ्यांना हा आपल्यांतलाच वाटे. मग ते आपण होऊन फुशारकीनें सारें सांगत.

१९१९ च्या ऑक्टोबरांत तो आर्कन्सा संस्थानांतील फिलिप्स परगण्यांत गेला. तेथें एलेन गांवाजवळ कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कत्तल झाली होती. हे शेतकरी अर्धेलीनें कापूस पिकवीत; हिशेबाची वही जमीनदाराच्या हातीं, भाव त्यानेंच ठरवावयाचा, आणि वर्षाअखेर कर्ज मात्र शेतकऱ्याच्या नांवावर! सावकाराच्या वहीचा अनुभव ज्यांच्या वाडवडिलांनीं घेतला आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको. आपल्या मालाचा रास्त हिशेब मिळावा म्हणून त्यांनीं संघ काढला, ३० सप्टेंबरच्या रात्रीं एका देवळांत सभा भरविली, तेथें गोळीबार झाला व एक गोरा मनुष्य मेला. तेवढ्यावरून, गोऱ्यांच्या सरसकट कत्तलीचा हा कट होता अशी आवई उठविण्यांत आली, आणि पुढें कित्येक दिवस सशस्त्र टोळ्यांनीं दिसेल त्या कृष्णवर्णीयास मारलें. बारा शेतकऱ्यांस फांशीची शिक्षा झाली. पंचांनीं कांहीं निकाल थोड्या मिनिटांतच दिले.

व्हाइट शिकागोच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून तेथें वावरला. खुद्द गव्हर्नरची त्यानें मुलाखत घेतली. परंतु एके दिवशीं रस्त्यांत एका कृष्णवर्णीय माणसानें त्यास हळूच सावध केलें, कीं तुझें बिंग फुटलें आहे. व्हाइटनें गांवांत थांबून सामानसुमान गोळा केलें नाहीं. तो तडक पहिल्या गाडींत जाऊन बसला. त्यानें स्वतः लिहून ठेवलें आहे, कीं गाडीवरील कंडक्टर त्याला म्हणाला, आपण चुकीच्या वेळीं निघालांत. गोरा म्हणून मिरविणारा एक कृष्णवर्णीय येथें आला आहे, त्याला पकडल्यावर मोठी मौज होणार आहे. ज्याच्याविषयीं बोलणें चाललें होतें तोच तें मुकाट्यानें ऐकत होता. कट नव्हता, तंटा कापसाच्या हिशेबाचा होता, ही गोष्ट त्याच्या वृत्तांतामुळें देशभर झाली. संस्थेनें आणि सिपिओ जोन्स या कृष्णवर्णीय वकिलानें तो खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९२३ सालीं त्या न्यायालयानें, जमावाच्या धाकाखालीं झालेला खटला हा न्यायच नव्हे, असें ठरविलें. आणि १९२५ सालापर्यंत ते बाराहि जण सुटले. एका माणसाच्या सोंगाला वकिलाची आणि शेकडों वर्गणीदारांची जोड मिळाली, म्हणून बारा गळ्यांतले फांस निघाले.

दुसरें नांव स्टेट्सन केनेडी याचें. हा फ्लॉरिडांतला, १९१६ सालीं जन्मलेला, गोरा, लोकगीतें व लोककथा गोळा करणारा. पाठीच्या दुखण्यामुळें दुसऱ्या महायुद्धांत त्याला सैन्यांत घेतलें नाहीं. तेव्हां वंशद्वेषाशीं आपण घरींच लढावें असें त्यानें ठरविलें. १९४४ सालीं सरकारनें ६ लाख ८५ हजार डॉलर थकलेला कर मागतांच क्लॅननें आपला कारभार गुंडाळला होता; पण युद्ध संपतांच अटलांटाच्या एका डॉक्टरनें तिला पुन्हां उभी केली. केनेडी ‘पर्किन्स’ असें खोटें नांव घेऊन तिच्यांत शिरला आणि आंतल्या बातम्या वर्तमानपत्रांस, सरकारी वकिलांस व नभोवाणीवरील वृत्तनिवेदकांस पुरवूं लागला.

या ठिकाणीं नभोवाणीनेंहि एक काम बजावलें. १९४६ च्या जूनमध्यें, ‘सुपरमॅन’ या अचाट शक्तीच्या काल्पनिक वीरावरील मुलांच्या लोकप्रिय मालिकेंत, तो वीर बुरखेवाल्या टोळीशीं झगडतो असें सोळा भागांचें कथानक प्रक्षेपित झालें. एका चिनी कुळांतील मुलाला खेळाच्या संघांत मानाची जागा मिळते, आणि त्यावरून ती टोळी त्याच्या कुटुंबावर उठते, अशी ती गोष्ट. टोळीचा वरिष्ठ चालक आपल्याच अनुयायांस मूर्ख समजतो आणि केवळ पैशासाठीं हा उद्योग करतो, हेंहि तींत दाखविलें होतें. क्लॅनची सारी मिजास गूढतेवर उभी होती. तिचे सभासद एकमेकांस ‘अयाक’ म्हणून विचारीत आणि ‘अकाई’ म्हणून उत्तर देत; ‘तूं क्लॅनचा आहेस काय’ आणि ‘क्लॅनचा मी आहें’ या वाक्यांचीं तीं आद्याक्षरें. रात्रीच्या काळोखांत असले शब्द भय उपजवितात. दिवाणखान्यांत पोरांपुढें उच्चारले तर हंसूं येतें.

परंतु केनेडीची कथा येथेंच संपवितां येत नाहीं. त्याचें पुस्तक १९५४ सालीं निघालें आणि फार गाजलें. पुढें अभ्यासकांनीं त्याचे मूळ कागद तपासले, तेव्हां असें आढळलें, कीं पुस्तकांत त्यानें स्वतःच्या नांवावर सांगितलेल्या कित्येक गोष्टी दुसऱ्याच एका इसमानें केल्या होत्या. तो एक कामगार होता. क्लॅनमध्यें राहून तो टांचणें पाठवी, आणि कागदांत त्याचें टोपणनांव ‘जॉन ब्राउन’ असें आहे. २००६ सालीं ही गोष्ट अमेरिकन वर्तमानपत्रांतून सर्वांपुढें आली. मालिकेंत क्लॅनचे खरे परवलीचे शब्द फोडले, या आख्यायिकेविषयींहि शंका घेतल्या गेल्या. केनेडी २०११ सालीं वारला. त्याचें धैर्य खोटें नव्हतें. तो क्लॅनच्या विरुद्ध उघडपणें आयुष्यभर लढला. पण सत्य उघडें करण्यास निघालेल्या माणसानें आपल्या पराक्रमाला रंग चढविला, कीं शत्रूला आयतें हत्यार मिळतें. एक वाक्य फुगविलेलें सांपडलें म्हणजे उरलेलीं नव्व्याण्णव खरीं वाक्येंहि तो खोटीं ठरवूं पाहतो. शिवाय ज्या कामगारानें जीव मुठींत धरून तीं टांचणें लिहिलीं, त्याच्यावरहि अन्याय होतो.

आणखी एक धोका याहून भयंकर आहे. गॅरी थॉमस रो हा अलाबामांतील क्लॅनमध्यें सरकारी गुप्तचर खात्याचा पगारी खबऱ्या होता. १९६१ च्या मे महिन्यांत, वर्णभेद न मानतां एकत्र बसप्रवास करणाऱ्या तरुणांवर बर्मिंगहॅम येथें हल्ला झाला, त्या हल्ल्यांत हा स्वतः सामील होता. २५ मार्च १९६५ रोजीं पांच मुलांची आई असलेल्या व्हायोला लियुत्सो या गोऱ्या स्त्रीला, ती मतदानहक्काच्या मोर्च्यांतील लोकांची ने-आण करीत असतां, क्लॅनच्या लोकांनीं गोळ्या घालून ठार केलें. त्या मारेकऱ्यांच्या मोटारींतहि रो बसलेला होता. त्याच्या साक्षीवरून तिघांस केंद्रीय न्यायालयांत दहा दहा वर्षांची शिक्षा झाली, हें खरें. पण खबऱ्या गाडींत असूनहि ती बाई मेली, हेंहि तितकेंच खरें. सोंग घेणारा सोंगांत बुडाला, म्हणजे पाहणारा कोणता आणि करणारा कोणता हें सांगतां येईनासें होतें.

हेरगिरीची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाहीं. शिवछत्रपतींच्या जासुदांचा नाईक बहिर्जी याचें नांव बखरींतून आहे, आणि मावळच्या मुलांस तें पाठ असतें. परंतु बहिर्जीमागें स्वराज्याची सत्ता होती, आणि त्यानें आणलेली बातमी धन्याच्या कानीं घालावयाची होती. व्हाइटनें आणलेली बातमी ही साऱ्या जनतेच्या मालकीची होती, आणि त्याच्यामागें तलवार नव्हती. म्हणून त्याच्या कामाची कसोटी अधिक कडक लागते. सोंग घेणाऱ्यानें स्वतःचा जीव धोक्यांत घातला, कीं दुसऱ्याचा? जें पाहिलें तेवढेंच सांगितलें, कीं पदरचें जोडलें? आणि समोर कोणाचा जीव जात असतां सोंग संभाळलें, कीं फेंकून दिलें? व्हाइट या कसोटीस बहुतांशीं उतरतो, केनेडी अर्धा उतरतो, आणि रो उतरत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. बुरखे एकट्या हेरांनीं उतरविले नाहींत. जॉर्जिया संस्थानानें १९५१ सालीं सार्वजनिक जागीं तोंड झांकून हिंडण्यास कायद्यानें बंदी केली. पण त्यानंतरहि, १९६३ च्या सप्टेंबरांत, बर्मिंगहॅमच्या एका प्रार्थनामंदिरांत क्लॅनवाल्यांनीं ठेवलेल्या बाँबनें चार मुली मारल्या. त्या गुन्ह्यांतील शेवटच्या आरोपीस शिक्षा झाली ती २००२ सालीं. एकोणचाळीस वर्षें ज्या साक्षी दबून राहिल्या त्या देण्यास अखेर साधींच माणसें पुढें आलीं. त्यांत आरोपींचे सोयरेहि होते. बातमी आणण्यास बहुरूपी लागतो खरा. परंतु ‘अज्ञात इसम’ हे दोन शब्द खोडून तेथें नांव लिहावयाचें, तर तें नांव ठाऊक असलेल्या शेजाऱ्यानेंच उघड्या तोंडानें उच्चारावें लागतें.