औषधाला योगाची जोड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघांपुढे उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच. परंतु चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मलाही वाटले, आपण जे सोसले ते सांगावे. एखादीला तरी उपयोग होईल.

तीन वर्षांपूर्वी आंघोळ करताना माझ्या डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी गप्प बसले. भातलावणी तोंडावर आलेली. ती उरकू दे, म्हटले. लावणी झाली, गौरी-गणपती झाले. शेवटी धाकट्या जावेला सांगितले आणि तिने हाताला धरून पुण्याला नेले. तोवर गाठ सुपारीएवढी झाली होती. गाठ दुखत नाही म्हणजे ती साधीच, ही समजूत चुकीची आहे, एवढे तरी ध्यानात ठेवा.

शस्त्रक्रिया झाली. मग दर तीन आठवड्यांनी केमोचे औषध. केस गेले, तोंडाची चव गेली. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात खांद्याच्या वर जाईना. फळीवरचा डबा काढायलाही सुनेला हाक मारावी लागे. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे.

त्याच दिवसांत ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "ही जहाल औषधे सोडा. नुसत्या प्राणायामाने रोग जातो." मी थकले होते, मला ते खरे वाटले. चौथ्या केमोला मी गेलेच नाही. घरी खोटे सांगितले की, पुढची तारीख मिळाली आहे.

योग शिकवणाऱ्या बाईंकडे गेले, तर त्यांनी पहिलेच विचारले, "पुढचे औषध कधी?" माझ्याच्याने खोटे बोलवेना. त्या म्हणाल्या, "औषध सोडून यायचे असेल तर माझ्याकडे येऊ नका. डॉक्टरांना विचारून या, मग शिकवते." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. दोन आठवडे उशिरा का होईना, औषध पुन्हा सुरू झाले. डॉक्टरीणबाई रागावल्या, पण योगाला त्यांनी आनंदाने होकार दिला.

योग म्हणजे डोक्यावर उभे राहणे नव्हे. माझा योग रोज वीस मिनिटांचा. खुर्चीवर बसून खांदे सावकाश फिरवायचे. भिंतीवर बोटे चढवत न्यायची आणि जिथवर पोचली तिथे पेन्सिलीची खूण करायची. मग पाठीखाली घोंगडीची घडी घेऊन पडायचे, श्वास सावकाश सोडायचा, शेवटी शवासन. भिंतीवरच्या खुणा हळूहळू वर गेल्या. तीन महिन्यांनी फळीवरचा डबा मी माझ्या हाताने काढला. झोपही येऊ लागली.

आपल्या डोंगरापलीकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. योगाची परीक्षा यंत्रांनी घ्यावी, नुसत्या श्रद्धेवर सोडू नये, हा त्यांचा आग्रह. तेच पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयाने केले. स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या परिषदेत तो मांडला. सोपी आसने, विश्रांती आणि प्राणायाम यांनी थकवा व वेदना कमी झाल्याचे त्यांना दिसले. आयुष्य किती वाढते, यावर जाणकारांचे अजून एकमत नाही. परंतु एक गोष्ट नीट ऐका. त्या अभ्यासात योग हा उपचारांच्या जोडीला होता, उपचारांच्या जागी नव्हता. गाठ काढली ती शस्त्रक्रियेने. उरलेल्या रोगाशी लढले ते औषध. योगाने ते औषध सोसण्याचे बळ दिले.

जपायचेही असते. रोग हाडांत गेला असेल तर वाकण्याची, पिळण्याची आसने करू नयेत. पोटाची शस्त्रक्रिया ताजी असेल तर पोटावर ताण नको. ताप असेल, रक्तातील पेशी उतरल्या असतील किंवा हात सुजला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. फोनवर पाहून मनाने काही करू नये.

माझे उपचार आता पूर्ण झाले आहेत. तपासणीला मात्र वेळच्या वेळी जाते. तेव्हा एक विनंती. मंडळाच्या या खोलीत बुधवारी दुपारी आपण अर्धा तास बसू. खुर्च्या आहेत, भिंत आहे. शिकवायला त्याच बाई यायला तयार आहेत. आणि कुणाच्या हाताला गाठ लागली असेल, तर लावणीसाठी, सणासाठी थांबू नका. नवऱ्याला सांगायची लाज वाटली तर मला सांगा. पुण्याच्या एस.टी.त मी शेजारी बसेन.