ठावठिकाणा सांगणारे यंत्र



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे गेटसभेत आणि वाचनालयात झाले. तेव्हा जीपीएसवर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मागे एकाच आठवड्यात तिघेजण हा प्रश्न घेऊन आमच्याकडे आले. एकाला टेम्पोवर यंत्र बसवायचे होते. एका सूनबाईंचे सासरे विसरभोळे झाले असून आंबिवली स्टेशनाकडे भरकटतात. तिसरा सफाई कामगार. ठेकेदाराने त्याला यंत्राचे घड्याळ मनगटावर बांधायला दिले होते.

प्रथम एक गैरसमज काढू. उपग्रह आपल्याला पाहत नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून तो नुसता बोलत असतो. यंत्र निदान चार उपग्रहांचे बोलणे ऐकते आणि ते पोहोचायला लागलेल्या वेळावरून स्वतःची जागा काढते. ती जागा तुमच्या फोनवर येते ती यंत्रातल्या सिमकार्डावरून. म्हणून किमतीआधी सिमचा दरमहा खर्च विचारा, आणि आपल्या भागात त्याला रेंज मिळते का ते पाहा. ब्लूटूथचे स्वस्त बिल्ले मिळतात. त्यांत जीपीएस नसते, जवळून जाणाऱ्या परक्या फोनांवर त्यांची भिस्त.

टेम्पोवाल्याला आम्ही सांगितले, गाडीच्या बॅटरीला जोडलेले, पण पोटात स्वतःची छोटी बॅटरी असलेले घे. चोर आधी वायर तोडतो. (प्रवासी वाहतुकीच्या बसला वा टॅक्सीला मात्र एआयएस-१४० मानकाचे, संकटाची कळ असलेलेच यंत्र लागते, रिक्षा त्यातून वगळल्या आहेत.) सूनबाईंना म्हटले, पाण्याने न बिघडणारे आणि एका चार्जिंगवर निदान दिवसभर चालणारे पाहा, आणि सासरे शुद्धीवर असतील त्या घटकेला त्यांना विचारून मगच बांधा.

तिसऱ्याचे उत्तर आम्हांला लगेच देता येईना. नागपुरात सफाई कामगारांना अशी घड्याळे बांधली गेली. चंडीगडच्या कामगारांनी २०२० साली त्याविरुद्ध निदर्शने केली. आम्हांला आठवला टिपेश्वरचा वाघ. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात पट्टा घातला. तो सुमारे ३,००० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढून घेतला गेला. वाघाचा पट्टा उतरतो. या माणसाला तर घड्याळ घरी नेऊन रात्री चार्ज करायला सांगितले होते, म्हणजे ते झोपेतही चालू!

आपला रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. त्याचा भोंगा मोठा कडक, पण पाळी सुटली की तो गप्प होई. त्यानंतर कामगार चहाला गेला की नदीवर, हे भोंगा विचारीत नसे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. ठेकेदाराच्या कचेरीत आम्ही तो निकालच हातात घेऊन गेलो. मागण्या तीन: पाळी संपताच घड्याळ हजेरी कोठीवर जमा करून घ्यावे, त्यातली नोंद कामगारालाही पाहता यावी, आणि यंत्राने चुकीची जागा दाखवली तर मुकादमाची हजेरी खरी धरावी, पगार कापू नये. उंच इमारतींच्या गल्लीत संदेश भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे जागा चुकते, हे आम्ही त्यांना कागदावर काढून दाखवले.

पहिल्या दोन मागण्या लेखी मान्य झाल्या. तिसरीसाठी सोमवारी पुन्हा बैठक आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी सकाळी दहाला कोठीपाशी यावे.