बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

(माता रमाई जयंतीनिमित्त मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज माता रमाईंची जयंती. या दिवशी रमाईंच्या त्यागावर बोलण्याचा प्रघात आहे आणि आम्हीही मागे तसे बोललो आहोत. परंतु त्याग या मोठ्या शब्दाआड एक गोष्ट झाकली जाते. बाबासाहेब आणि रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. इतकी बाळंतपणे सोसून पुन्हा पुन्हा रिकामी झालेली मांडी पाहताना त्या माउलीच्या मनाचे काय झाले असेल? रमाईंना अमुक आजार होता असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण ज्या समाजाने तिला आई म्हटले, त्याने आपल्या घरातल्या आईच्या मनाची विचारपूस करायला नको काय? आजचा आमचा विषय तोच आहे : बाळंतपणानंतर येणारे नैराश्य आणि त्यावर समुपदेशनाचा आधार.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून, एवढीच आमची ओळख. तरीही हा विषय घेतला, कारण यात आमच्या हातून चूक झाली आहे. जिच्या बाबतीत झाली, तिची परवानगी घेऊनच सांगत आहोत.

आमच्या घरी दुसरी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. महिना-दीड महिना उलटला तरी पत्नी पूर्वीसारखी होईना. बाळाला पाजताना भिंतीकडे पाहत बसे. बाळ झोपले तरी ही जागीच. पुढ्यातला चहा निवून जाई. एके रात्री म्हणाली, "माझ्याच्यानं हिचं होणार नाही. हिला तुमच्या बहिणीकडे देऊन टाका." आमची समजूत अशी झाली की, दुसरीही मुलगीच झाली म्हणून हिचे मन खट्टू आहे. मग आम्ही तिला स्त्री-पुरुष समतेवर व्याख्यान दिले. सावित्रीबाई सांगितल्या, बाबासाहेब सांगितले. आमच्या आईने सांगितले, "आम्ही सात बाळंतपणं केली, आम्हाला रडायला सवड नव्हती." शेजारच्या एका बाईने भगताचे नाव काढले, तेव्हा मात्र आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात हे चालत नाही."

बंधू-भगिनींनो, भगताला नाही म्हटले ते योग्यच केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला त्या अंधारातून बाहेर काढले. पण भगताला उंबऱ्याबाहेर ठेवल्यावर त्याच्या जागी आम्ही कोणाला आणले? कोणालाच नाही. भगत निदान तिच्यासमोर बसला असता, तिला काय होते ते त्याने विचारले असते. आम्ही तेवढेही केले नाही. अंधश्रद्धा गेली, पण तिची जागा आम्ही रिकामीच ठेवली.

साडेतीन महिन्यांच्या लसीला बाळाला नेले, तेव्हा तिथल्या परिचारिकेने बाळाकडे पाहून झाल्यावर सहज विचारले, "आणि बाई, तुला झोप लागते का?" एवढ्या एका प्रश्नावर आमची पत्नी तिथेच ढसाढसा रडली. मुलगी झाल्याचे तिला दुःख नव्हतेच. रात्री नदीकडे जाण्याचा विचार डोक्यात येतो, हे तिने त्या बाईंना सांगितले. तिच्याबरोबर एका घरात राहून आम्हाला ते ठाऊक नव्हते. पुढे डॉक्टर झाले, औषध झाले, समुपदेशन झाले आणि काही महिन्यांत ती सावरली. पण तो प्रश्न त्या दिवशी विचारला गेला नसता तर? हा विचार आम्हाला अजूनही सुटत नाही.

आता या आजाराविषयी थोडे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच बायकांना उगाच रडू येते, चिडचिड होते. ते दहा-पंधरा दिवसांत आपोआप निवळते. तो आजार नव्हे. तिथे विश्रांती आणि मायेचा शब्द पुरतो. परंतु उदासी दोन आठवड्यांच्या पुढे टिकली, झोप-भूक गेली, कशातच रस वाटेना, आपण वाईट आई आहोत असे वाटू लागले, तर ते नैराश्य समजावे. तिसरा प्रकार विरळा, हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होणारा. त्यात बाई असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, भलताच संशय घेते. यालाच आपल्याकडे 'बाहेरचं लागलं' म्हणतात. अशा वेळी एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला त्यात धोका असतो.

हे शहरातल्या शिकलेल्या बायकांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. तसे नाही. भारतात झालेल्या अडतीस अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे शंभरात बावीस मातांना या नैराश्याने गाठलेले असते. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात आलेल्या मातांचा अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही प्रमाण तेवीस टक्के निघाले. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध, ही त्यामागची ठळक कारणे दिसली. त्याच अभ्यासातून पुढे असेही दिसले की, आजारी मातांच्या बाळांमध्ये सहाव्या महिन्यात वजन फार कमी असण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

हे शेवटचे वाक्य नंदुरबार जिल्ह्याने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा आपला जिल्हा कुपोषणाच्या बातम्यांनीच बाहेर ओळखला जातो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाळाचे वजन केले जाते, दंडाचा घेर मोजला जातो, आहार दिला जातो. हे सारे आवश्यकच आहे. पण ज्या आईला घास गिळवत नाही, बाळाला जवळ घेण्याची उमेद नाही, तिच्या हातात नुसते आहाराचे पाकीट देऊन भागेल काय? बाळाचे वजन का वाढत नाही, याचे उत्तर कधी कधी आईच्या मनात असते आणि तिथे आपण पाहतच नाही.

आमच्या काउंटरवर मातृवंदना योजनेचे पैसे काढायला बाळंतिणी येतात. खाते तिच्या नावाचे, अंगठा तिचा, पण आम्ही काही विचारले तर उत्तर सासू देते किंवा नवरा देतो. तिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. एखादीचे बाळंतपण फडावरच्या कोपीत होते. तिथे माहेर नाही, सव्वा महिन्याची विश्रांती नाही आणि गावची आशाताईही नाही. अशा बाईने मन कोणापाशी मोकळे करावे?

आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. पटाचारेची कथा आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकली आहे. दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी निघालेली ही स्त्री. वाटेतच बाळंत झाली. नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे बाळ ससाण्याने उचलले, थोरला मुलगा नदीत वाहून गेला. श्रावस्तीजवळ आली तो आई-वडील आणि भाऊ घर कोसळून गेल्याचे कळले. तिचे भान हरपले, अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध राहिली नाही. लोकांनी वेडी म्हणून ढेकळे मारली. बुद्धांनी मात्र तिला जवळ येऊ दिले. बहीण म्हणून हाक मारली, भानावर आणले. कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले. मग तिने आपली कहाणी सांगितली आणि भगवंतांनी ती ऐकली. धम्म त्यानंतर सांगितला. हा क्रम ध्यानात घ्या : आधी आसरा, मग ऐकणे, मग उपदेश. आम्ही आमच्या घरात उपदेशापासून सुरुवात केली होती. पुढे हीच पटाचारा थेरी झाली आणि लेकरे गमावलेल्या अनेक स्त्रियांना तिने शोकातून बाहेर काढले. जिने सोसले, तीच दुसरीला सावरू शकली.

आजचे शास्त्रही याच वाटेने चालले आहे. गोव्यात संगाथ या संस्थेने गावातल्याच अनुभवी मातांना शिकवून गरोदर आणि बाळंत बायकांच्या घरी पाठवले. त्याचा फायदा माफक असला तरी दिसून आला. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी भागांत एकजुट संस्थेने बायकांचे गट चालवले. तिथे नवजात बालकांचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले आणि तिसऱ्या वर्षी मातांमधले मध्यम स्वरूपाचे नैराश्यही निम्म्याहून कमी झाले. बायकांच्या एकत्र बसण्यात किती बळ असते, हे आपल्या शहाद्याला कोणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर श्रमिक संघटनेच्या शिबिरांत आदिवासी भगिनी एकत्र बसल्या, दारूपायी होणाऱ्या छळाविषयी बोलल्या आणि उठून त्यांनी दारूची मडकी फोडली. त्याचीही सुरुवात बोलण्यापासूनच झाली होती.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेचे समर्थन केले आणि पुढच्या वर्षी तसा कायदा झाला. शरीराला विश्रांती हा हक्क ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या उपचारालाही हक्काचे स्थान दिले. मानसोपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये, असेही त्यात आहे. 'मूल हिरावून घेतील' या भीतीने कोणी उपचार टाळू नये.

आता मंडळापुढे आमच्या चार सूचना आहेत.

एक : बाळाला पाहायला जाल तेव्हा बाळाच्या आधी आईला विचारा. झोप लागते का? गेल्या पंधरा दिवसांत मन सारखे उदास असते का? पूर्वी आवडायचे ते आता आवडते का? मरणाचे विचार येतात का, हेही विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. तशी शंका आली तर तिला एकटी सोडू नका, थेट रुग्णालयात न्या.

दोन : प्रत्येक वस्तीतून दोन भगिनी पुढे याव्यात. भिली, पावरी, मावची, अहिराणी, ज्या बोलीत ती बाई रडते त्या बोलीत ऐकणाऱ्या. ऐकलेले बाहेर जाता कामा नये, ही पहिली अट. बरे करणे हे त्यांचे काम नव्हे. ऐकणे आणि गरज पडल्यास आशाताई व डॉक्टरांपर्यंत पोचवणे, एवढेच त्यांनी करावे.

तीन : पुरुषांची वेगळी बैठक घ्यावी. रात्री एकदा बाळाला सांभाळून बायकोला सलग चार तास झोपू देणे, हे व्याख्यानापेक्षा मोठे काम आहे. औषध सुरू झाले तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. स्तनपान चालू असताना घेता येतील अशीही औषधे असतात.

चार : विद्यार्थी मित्रांनो, १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लिहून घ्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही शासनाची मोफत सेवा दिवसरात्र चालते आणि मराठीतूनही बोलता येते. बुद्धविहाराच्या आणि महाविद्यालयाच्या फलकावर तो लावा. आणि कोणत्याही बाईला 'वेडी' म्हणणे आजपासून सोडा.

धडगावसारख्या भागातून डॉक्टरांपर्यंत जायचे तर भाडे लागते, मजुरी बुडते. त्यासाठी मंडळाने छोटा निधी उभारावा. पहिली पावती आमच्या नावाने फाडावी, ही विनंती. आमच्या घरी ती परिचारिका योगायोगाने भेटली. दुसऱ्या कोणाच्या घरी हे योगायोगावर राहू नये, एवढ्यासाठी आम्ही आपला वेळ घेतला.

सर्व माता सुखी होवोत, निरामय होवोत. नमो बुद्धाय! जय भीम!