पोटदुखी : आधी कारण, मग उपचार



पोट दुखू लागले की घरोघरी उपाय ठरलेले असतात. कोणी ओवा व काळे मीठ देतो, कोणी बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतो, कोणी एरंडेल पाजतो, तर कोणी दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो. अपचनाने वायू धरला असेल तर ओव्याने आराम पडतो, हे खरे. परंतु पोटदुखी हे आतील बिघाडाचे केवळ लक्षण आहे आणि तो बिघाड प्रत्येक वेळी निराळा असतो. माप घेतल्यावाचून कापडाला कात्री लावू नये, तद्वतच कारण जाणल्यावाचून औषध देऊ नये.

आंत्रपुच्छाची, म्हणजे अपेंडिक्सची सूज हे याचे ठळक उदाहरण होय. हे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी पोटाच्या उजव्या बाजूस खाली सरकते. अन्नावरची वासना उडते, मळमळते, अंगात बारीक ताप येतो. अशा वेळी पोट साफ व्हावे म्हणून दिलेले एरंडेल घातक ठरू शकते. सुजलेले आंत्रपुच्छ फुटून पू पोटात पसरण्याचा धोका त्याने वाढतो. येथे बहुधा वेळेवर केलेली शस्त्रक्रियाच रुग्णास वाचविते.

जठरव्रणाची, अर्थात अल्सरची कथा अधिक उद्बोधक आहे. पूर्वी त्याचा दोष चिंतेला व तिखट आहाराला दिला जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातील एका जिवाणूकडे बोट दाखविले. १९८४ साली मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः प्राशन केला आणि त्यांच्या जठरास सूज आली. २००५ साली उभयतांना नोबेल पारितोषिक लाभले. वर्षानुवर्षे छळणारा हा विकार आज प्रतिजैविके व आम्ल कमी करणारी औषधे यांच्या सुमारे दोन आठवड्यांच्या उपचाराने बरा होऊ शकतो. अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या. पोटदुखीवर त्याच घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

पित्ताशयातील खड्यांचे दुखणे तळकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठते व कधी खांद्यापर्यंत जाते. वारंवार त्रास झाल्यास दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढावे लागते. मूतखड्याची कळ कमरेतून जांघेकडे उतरते. लहान खडा बहुधा लघवीवाटे आपोआप पडतो. दोन्ही खडेच, परंतु उपचार निरनिराळे!

सर्वांत फसवे दुखणे हृदयाचे. वरच्या पोटात दडपण, घाम, धाप अथवा अस्वस्थता असता ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन स्वस्थ बसू नये. विशेषतः वृद्ध व मधुमेही व्यक्तींचा हृदयविकार असे रूप घेऊ शकतो. त्वरित हृदयाचा आलेख काढून घ्यावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पोट फळीसारखे कडक होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, पोट फुगून शौच व वायू दोन्ही अडणे, घेरी येणे, गरोदरपणात किंवा पाळी चुकली असता पोटात तीव्र कळा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

डॉक्टरांकडे जाताना दुखणे केव्हा सुरू झाले, कोठून कोठे सरकले, काय खाल्ले आणि कोणती औषधे घेतली, हे स्पष्ट सांगावे. घरच्या स्त्रिया तर आपले दुखणे घरातील कामे उरकेपर्यंत अंगावर काढतात. त्यांची विचारपूस प्रथम व्हावी. निदान वेळेवर झाले तर आज यातील बहुतेक विकार बरे होतात, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे.