क्षमायाचनेनंतरचे दायित्व

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



सप्टेंबर २००८. कॅनडातील विनिपेग नगर. दोन्ही पाय गमावलेले ब्रायन सिंक्लेअर हे पंचेचाळीस वर्षांचे मूलनिवासी गृहस्थ, एका दवाखान्याची चिठ्ठी घेऊन, चाकांच्या खुर्चीतून मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आले. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला होता. प्रतिजैविकांनी बरा होणारा विकार. चौतीस तास ते तेथेच बसून होते. त्यांना उलटी झाली. बाजूला बसलेल्या परक्या माणसांनी कर्मचाऱ्यांचे लक्ष वेधले. तरीही त्यांना कोणी तपासले नाही. मद्यपी असेल, निवाऱ्याला आला असेल, अशी समजूत करून घेतली गेली! अखेर कोणी जवळ गेले तेव्हा देह ताठरला होता.

बारा वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, क्युबेक प्रांतात अतिकामेक्व समाजातील जॉयस एशाक्वान ही सात मुलांची माता रुग्णशय्येवर असताना रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या तोंडची हेटाळणी तिच्याच भ्रमणध्वनीतून जगाने ऐकली. त्याच दिवशी ती गेली. तिच्या मृत्यूस वंशद्वेष आणि पूर्वग्रह यांचाही हातभार लागला, असा निष्कर्ष पुढील वर्षी मृत्यूचौकशीत निघाला.

त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या शासनाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. त्यात चौऱ्याऐंशी टक्के मूलनिवासी उत्तरदात्यांनी उपचार घेताना भेदभाव अनुभवल्याचे सांगितले. मे २०२१ मध्ये त्या प्रांतातील वैद्यक, परिचारिका, दंतवैद्यक व औषधनिर्माते यांच्या चार नियामक संस्थांनी संयुक्तपणे मूलनिवासींची क्षमा मागितली. आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जे अधिकार असतात, साधारण तसेच यांचे: नोंदणी देणे, तक्रार ऐकणे, नोंदणी काढून घेणे.

क्षमायाचना सोपी असते, असे कोणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये वैद्यक आणि परिचारिका यांच्या नियामकांनी व्यवसायाचा मानदंडच प्रसृत केला. स्वतःच्या पूर्वग्रहांचे परीक्षण करणे, रुग्णाच्या निर्णयात त्याच्या आप्तांना स्थान देणे, सहकाऱ्याचे द्वेषमूलक वर्तन दिसल्यास गप्प न बसणे, ही आता व्यावसायिक कर्तव्ये ठरली. त्याच वर्षी विधिमंडळाने संमत केलेल्या नव्या आरोग्यव्यवसाय कायद्याने भेदभावाला गैरवर्तनाच्या कक्षेत आणले. सौजन्याची विनंती धुडकावता येते. नोंदणीच्या अटीचे तसे नसते. येथेच खरा पालट आहे.

अडचण मात्र निराळ्याच ठिकाणी आहे. बहुधा तक्रार आली की नियामक हलतो. ज्या समाजाची मुले निवासी शाळांत नेली गेली, ज्याच्यासाठी शासनाने वेगळी ‘इंडियन रुग्णालये’ चालविली, ज्याच्या स्त्रियांची संमतीवाचून वा दडपणाखाली निर्बीजीकरणे झाली, तो समाज त्याच व्यवस्थेच्या दारी तक्रारअर्ज घेऊन का यावा? सिंक्लेअर यांना तर अर्ज करायला वेळच मिळाला नाही. म्हणून तक्रार मूलनिवासी भाषेत, ज्येष्ठांच्या साक्षीने, मंडळींमध्ये बसून ऐकली गेली पाहिजे; आणि ऐकणाऱ्यांत त्या समाजातील माणसेही हवीत.

आपल्यापैकी अनेकांच्या लेकी-सुना परिचारिका म्हणून तिकडे जातात. जाण्यापूर्वी त्यांनी तेथील परीक्षेच्या पुस्तकांबरोबर सिंक्लेअर प्रकरणाचा चौकशी अहवालही वाचावा. त्याच तातडीच्या विभागांत उद्या त्यांची रात्रपाळी असणार आहे.